तू शांत झालीस, हे मला मान्य नाही

कुंदे, आधी भांडण संपवू, मग रडायचं ते रडेन.

आपल्या क्लबचं बुलेटिन काढणाऱ्या जेसीने मला त्यात तुझ्यावर लिहायला सांगितलंय. ‘एकच पान हं सुमनताई, ब्लड डोनेशन कॅम्पचा फोटोपण टाकायचाय.’ तुला जाऊन महिना झाला आणि मी अजून त्या एका पानाभोवती फिरतेच आहे. बसते, उठते, गॅस बंद आहे ना ते बघून येते, पुन्हा बसते. तुझा जन्म कुठला, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी किती वर्षं केलीस, हे मी लिहिणार नाही. कोणाला हवंच असेल तर तुझा नितीन सांगेल. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि तू समोर नाहीस याचा मला इतका राग आलाय की विचारू नकोस.

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आपण समोरासमोर राहायला आलो, तेव्हा तुझ्या घरात धड फर्निचर म्हणावं असं एकच होतं, तुझ्या वडिलांची चाकांची खुर्ची. ते गेल्यावर तुझे भाऊ ती भंगारात द्यायला निघाले, तर तू ती रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये घालून पुण्याहून दिल्लीला आणलीस. लोक माहेरून साडी आणतात, हिने खुर्ची आणली, असं मी तेव्हा सगळ्या ब्लॉकला सांगत फिरले होते. मग माझ्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तू न बोलावता ती खुर्ची ढकलत माझ्या दारात आलीस. ‘हे माझे बाबा,’ म्हणालीस. ‘जपून वापर.’

सासूबाई हिंडूफिरू लागल्यावर बाबा वरच्या मजल्यावरच्या सरदारजींकडे गेले. तिथून एका तमिळ कुटुंबातल्या आजींकडे. मग कोणाकडे वॉकर पडून होता तो आला, कोणाकडची फोल्डिंगची खाट आली. बाबांच्या मागे धावता धावता आपला क्लब झाला. ‘शेजार’ हे नाव मी सुचवलं, एवढं श्रेय मला दे. पुढे दोघींनी मयूर विहारला एकाच सोसायटीत फ्लॅट घेतले आणि क्लबही सामानाबरोबर इकडे आला. उन्हाळ्यात मेट्रो स्टेशनबाहेर पाण्याचे माठ, हिवाळ्यात रजया, वर्षभर आजाऱ्यांना लागणाऱ्या वस्तू, आणि महिन्यातून एका शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये मीटिंग.

मीटिंगची सुरुवात तुझ्या खबरबातीने व्हायची. कोणाची बदली झाली, कोणाला नातू झाला, कोण हॉस्पिटलातून घरी आलं, आणि शेवटी, ‘आपले बाबा सध्या फेज थ्रीला आहेत, प्रकृती उत्तम, फक्त डाव्या चाकाला तेल हवंय.’ नवीन आलेल्या बायका एकमेकींकडे बघायच्या. तुला तेच हवं असायचं.

आठवतं, नितीनचं लग्न होऊन रश्मी नुकतीच आली होती? कानपूरची मुलगी, मराठीचा एक शब्द येत नव्हता. तिच्यासमोर तू मला फोनवर सांगत होतीस, ‘बाबा पहाडगंजला गेलेत, पुढच्या आठवड्यात येतील. हल्ली फार करकरतात.’ ती बिचारी आठवडाभर आजेसासरे येणार म्हणून धास्तावून बसली. बेल वाजली की डोक्यावर पदर. शेवटी दोन माणसं रिकामी खुर्ची घेऊन जिना चढून आली, तर तिने त्यांच्या मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘बाबा किधर रह गए?’ तू इतकी हसलीस की तुला बाबांवरच बसावं लागलं.

तर ही रश्मी. आपल्या भांडणाचं मूळ.

नाही, मूळ ती नव्हेच. मूळ आपण दोघी. तुला क्लब सगळ्यांना खुला करायचा होता आणि मला करायचा नव्हता. आपल्या नियमात मीच घातलं होतं, सदस्याला मराठी बोलता आणि लिहिता आलं पाहिजे. सेवा कोणाचीही करा, पण मीटिंग मराठीत. तू म्हणायचीस, ‘सुमे, तहानलेल्याला पाणी म्हण नाहीतर पानी म्हण, माठ तोच ना?’ मी म्हणायचे, माठाबद्दल कोण बोलतंय? भाजीवाल्याशी हिंदी, बँकेत हिंदी, नातवाशी निम्मी इंग्रजी. परवा माझ्या नातवाने विचारलं, ‘आजी, उंबरठा म्हणजे क्या होता है?’ या एवढ्या शहरात मराठी बोलायला महिन्यातून एकदा एक खोली उरलीय, तीही देऊन टाकू?

‘खोलीला दार असतं ना?’ तू म्हणालीस.

‘असतं. बंद करायला.’

हे असं कित्येक वर्षं चाललं. बाबांना तेल घालताना, माठ धुताना, मेट्रोत उभ्याने. कोणीच जिंकलं नाही. बाकी बाबतींत तू जिंकायचीस आणि जिंकल्यावर गप्प बसायची रीत तुला ठाऊक नव्हती. मी म्हणाले होते, हल्ली माठाचं पाणी कोण पितंय, सगळ्यांच्या हातात बाटल्या. पहिल्याच दुपारी रांग लागली. ओगराळ्याने पाणी घालता घालता तू रांगेच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलंस, मान तिरकी केलीस आणि म्हणालीस, ‘म्हटलं नव्हतं?’ त्या दोन शब्दांनी माझ्या अंगाचा किती तिळपापड व्हायचा ते तुला चांगलं माहीत होतं.

मग ती शेवटची मीटिंग. तू उभी राहून सांगितलंस की रश्मीला सदस्य करून घ्यावं. तिला मराठी बोलता येतं, लिहिताही येऊ लागलंय, म्हणजे नियमात बसतं. मला न सांगता केलंस हे, कुंदे. सकाळी तुझ्याच घरी चहा प्यायले होते मी. रश्मी साडी नेसून आली होती, हातात कागद नव्हता, पाठ करून आली होती. पहिली दोन वाक्यं सुरेख म्हणाली. तिसरं वाक्य म्हणाली, ‘मी मराठी शिकण्याची खूप चेष्टा करते.’

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपल्याकडे चेष्टा म्हणजे काय ते सांगायला नको. माझा हात वर गेला. मिनिस्ट्रीत जन्मभर दुसऱ्यांच्या टिपणांतल्या चुका काढल्या, हात आपोआप वर जातो. तू त्याला क्लबचा लाल दिवा म्हणायचीस. मी म्हटलं, ‘चेष्टा करतेस? ते दिसतंच आहे.’ सगळी खोली हसली. रश्मीही हसली, का ते न कळता, आणि मग चहा बघून येते म्हणून बाहेर गेली. ठराव पुढे सरकलाच नाही.

तू सगळ्यांसमोर मला बोललीस. ‘तुझी मराठी कपाटातल्या चांदीच्या भांड्यांसारखी आहे, सुमे. पुसायची आणि परत ठेवायची.’ मी म्हटलं, ‘आणि तुझी धर्मशाळा. कोणीही या.’ तू पर्स उचललीस. पाण्याची बाटली तिथेच राहिली. मी हाक मारली, तू मागे वळली नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबच्या ग्रुपवर तुझ्या फोनवरून मेसेज आला. ‘नमस्कार. आई आज सकाळी शांत झाल्या. रश्मी.’

मी वाचला आणि मला इतकं हसू आलं. मनात म्हटलं, बघा, स्वतः लिहायला लाज वाटते, सुनेला पुढे केलं. भांडणानंतर तू नेहमीच असा काहीतरी वाकडा रस्ता काढायचीस, सरळ माफी मागणं तुझ्या रक्तातच नव्हतं. मी लिहिलं, ‘छानच झालं! मला माहीतच होतं, सकाळपर्यंत होणार म्हणून.’ पुढे हसरं तोंड. जेसीने लिहिलं, ‘थँक गॉड.’ अजून दोघींनी अंगठे दाखवले. आदल्या संध्याकाळी एका शब्दावरून त्या पोरीला धरणारी मी, आणि सकाळी तिने दुसरा तसाच शब्द माझ्यासमोर ठेवला तर मला तो दिसला नाही.

मी शिरा करायला घेतला. रवा भाजताना फोन वाजत होता, मी उचलला नाही, म्हटलं खाली लागेल. तू शांत झाली आहेस तर गरम असतानाच जावं, केळं घातलेला तुला आवडतो. डबा घेतला आणि तुझ्या ब्लॉककडे निघाले. काय काय बोलायचं तेही ठरवलं होतं. रश्मीला सहयोगी सदस्य करू, मत नाही, पण बसायला हरकत नाही, एवढं मी द्यायला तयार होते. तुझ्या जिन्यात सोसायटीचा गार्ड सतरंजी घेऊन वर चालला होता. मला बघून थांबला, हात जोडले.

‘आंटीजी, माताजी तो शांत हो गईं.’

तो हिंदीत बोलला आणि मला कळलं. कुंदे, त्याने हिंदीत म्हटलं म्हणून कळलं. तिकडे माणूस गेला की असंच म्हणतात, शांत हो गए. इतकी वर्षं ऐकलेला शब्द. मी जिन्यात उभी, हातात गरम डबा, आणि ग्रुपवर माझं हसरं तोंड सगळ्यांना दिसत होतं.

नंतरचं मला सलग आठवत नाही. तुझ्या दाराबाहेर चपलाच चपला होत्या. जेसी भिंतीला टेकून रडत होती आणि ‘मी थँक गॉड लिहिलं, सुमनताई, मी थँक गॉड लिहिलं,’ एवढंच म्हणत होती. नितीनने मला धरून आत नेलं. झोपेतच गेली, मावशी, म्हणाला. डॉक्टर म्हणाले हृदय. तुझ्या चेहऱ्याकडे मी फार बघितलं नाही. इतका वेळ गप्प असलेला तो चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता.

तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तू शांत झाली होतीस का? माझ्या अर्थाने, मराठीत. की तो राग तसाच घेऊन झोपलीस? भांडणाने काही झालं नाही, हृदय आधीच थकलं होतं, असं नितीन दहा वेळा म्हणाला. मला ते नकोय. मला फक्त ते एक हवं होतं आणि विचारायचं कोणाला? ज्या घरात ग्रुपवरचा माझा मेसेज वाचला गेला त्या घरात?

तेराव्यानंतर रश्मी दुपारी डबा परत द्यायला आली. घासून लख्ख, आणि रिकामा नाही, आत साखर घातलेली. तुझी शिकवण. आत बोलावलं तर स्वयंपाकघरातच स्टुलावर बसली.

‘मावशी, एक विचारू? त्या दिवशी ग्रुपवर मी काही गलत लिहिलं का?’

‘का गं?’

‘तुम्ही लिहिलं, छानच झालं. जेसी आंटीनी लिहिलं, थँक गॉड. आधी मला अजीब वाटलं. मग मी सोचलं, मराठीत असंच म्हणत असतील. म्हणजे, त्रास नाही झाला, मुक्ती मिळाली, छान झालं.’ मग म्हणाली, ‘खालच्या मजल्यावरच्या देशपांडे काकांचे भाऊ गेले ना परवा. मी त्यांना तसंच बोलणार होते. पण मग वाटलं, एकदा मावशींना विचारून घेऊ.’

कुंदे, तू असायला हवी होतीस. मी तिला सगळं सांगितलं. मराठीत शांत होणं म्हणजे राग जाणं. आम्हाला वाटलं तुझ्या सासूचा राग गेला. ती माझ्याकडे बघत राहिली. ‘म्हणजे मी लिहिलं की आईंचा गुस्सा गेला?’ म्हणाली. ‘आणि तुम्ही सगळे खूश झाले?’ तिने तोंडावर हात दाबला, मला वाटलं रडतेय, तर ती हसत होती. मग मलाही आवरेना. भर दुपारी स्वयंपाकघरात दोघी हसून हसून वाकलो, आणि कुठल्या क्षणी त्याचं रडणं झालं ते कळलं नाही. ‘आई असत्या तर बाबांवर बसून हसल्या असत्या,’ ती म्हणाली.

तेव्हा मी विचारलं. ‘रश्मी, ती झाली होती का गं? शांत?’

‘हां मावशी, सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा…’

‘तसं नाही. आदल्या संध्याकाळी. घरी आल्यावर. राग गेला होता का तिचा?’

मला बरं वाटेल असं काहीतरी सांगेल म्हणून मी वाट बघत होते, आणि तसं सांगितलं असतं तर मला खरंही वाटलं नसतं.

‘नाही मावशी,’ ती म्हणाली. ‘बिल्कुल नाही. भांडी आपटत होत्या. जेवताना पण तुमचंच चालू. बोलल्या, उद्या सकाळी जाते आणि सुमीला परत धरते. ती हो म्हणेपर्यंत तिथून उठणार नाही. शिरा करायला लावते तिला, आणि खाऊन परत भांडते.’

तुला सांगू, कुंदे? मला इतकं बरं वाटलं. तू माफ केलं होतंस असं तिने सांगितलं असतं तर मी तळमळत राहिले असते, कारण ती तू नसतीस. तू येणार होतीस. माझा शिरा खाणार होतीस आणि माझ्या डोक्यावर बसणार होतीस. आपण दोघी एकाच सकाळी एकमेकींकडे निघालो होतो, इतकंच की तू आधी निघालीस.

‘अजून एक,’ उठता उठता रश्मी म्हणाली. ‘मला बोलल्या, ते चेष्टा सोड. खटपट म्हण. सुमीला तो शब्द आवडतो.’

आवडतो. कधी सांगितलं होतं मी तुला हे?

परवाच्या शनिवारी मीटिंग झाली. तुझ्या खुर्चीवर कोणी बसेना, म्हणून जेसीने बाबांना आणून तिथे उभं केलं. खबरबात कोण सांगणार? कुठली वस्तू कोणाकडे आहे ते सगळं तुझ्या फोनवर, म्हणून रश्मीलाच बोलावलं. ती उभी राहिली. एक बदली, एक बाळंतपण, दोन वॉकर परत आले. ‘बाबा सध्या घरी आहेत,’ म्हणाली, आणि थांबली. पुढचं वाक्य काय ते खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मी तिला शब्द दिले होते, गेल्या, वारल्या, निवर्तल्या, हवा तो घे म्हणून. तिने माझ्याकडे बघितलं.

‘आपल्या कुंदाताई शांत झाल्या,’ ती म्हणाली. ‘हिंदीतल्या शांत. मराठीतल्या नाही.’

जेसीने डोळे पुसले, घसा साफ केला आणि रश्मीच्या सदस्यत्वाचा ठराव मांडला. रश्मी म्हणाली, ‘मी मराठी शिकण्याची खूप खटपट करते.’ कोणी हसलं नाही, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण माझा हात वर गेला होता.

माझं मत बदललं असं समजू नकोस. मीटिंग मराठीतच होणार, आणि ‘मी सोचलं’ हे मी चालू देणार नाही. दाराबद्दल आपण पुन्हा बोलू, माझे मुद्दे संपलेले नाहीत. आणि ‘हिंदीतल्या शांत’ हे तिचं वाक्य बुलेटिनमध्ये तिने म्हटलं तसंच छापायला दिलंय, एक अक्षर न बदलता, पण वर शीर्षक माझं आहे.

तर माझा हात वर होता. ‘बोला सुमनताई,’ जेसी घाबरत म्हणाली. ‘काय चुकलं?’

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘माझं अनुमोदन आहे.’

टाळ्या झाल्या. रश्मी रडायला लागली. मी मात्र बाबांकडे बघत बसले, अगदी माझीच मान तुझ्यासारखी तिरकी होईपर्यंत. सगळे चहाला उठले तरी मी उठले नाही.

हरले मी, कुंदे. म्हण ना आता. म्हण, ‘म्हटलं नव्हतं?’